जुन्या सेव्हमधलं वादळ

आम्ही तपासत होतो त्या अंतराळातल्या गेमच्या अपडेटमध्ये ग्रहांवर वादळं येणार होती. क्लायंटचं बिल्ड, म्हणजे गेमची तपासायची आवृत्ती, आमच्या पुण्याच्या टेस्टिंग टीमकडे आलं आणि वादळं माझ्या वाट्याला आली. वादळ ठरल्या वेळी सुरू होतं का, गुहेत शिरलं की मारा थांबतो का, यान उडताना फ्रेम रेट पडतो का? सगळं पास. दिसायलाही देखणं. धुळीची भिंत क्षितिजावरून चालत येते, पण त्याआधी तिचा आवाज हेल्मेटमध्ये घुमायला लागतो. ज्याने तो आवाज बसवला त्याला माझा सलाम.

मग चेकलिस्ट बाजूला ठेवून मी पात्राला वादळात नुसतं उभं केलं. पोशाखाची संरक्षक ढाल उतरत आली की ती भरायला बॅटरी लावायची, पुन्हा उतरली की पुन्हा लावायची. अशा बॅटऱ्यांचा ढीग होता, कारण टेस्टिंगची ती सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, गेम बाजारात आल्यापासून चालत आलेली. वादळ ओसरलं तरी मला एकही निर्णय घ्यावा लागला नव्हता. तेच वादळ कोऱ्या सेव्हवर लावलं, तर गोळा केलेलं खनिज टाकून गुहेकडे पळावं लागलं.

क्लायंटकडे टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं. उत्तर आलं, ‘अपेक्षेप्रमाणे चालतंय, बग नाही.’ आमच्या धंद्यात मोडलेलं शोधणाऱ्याला शाबासकी मिळते. पोकळ आहे म्हणणाऱ्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

माझ्या मते अपडेटमुळे गेमला खोली आली की नाही, ते नव्या वस्तू मोजून कळत नाही. जुनं काम करण्याची पद्धत बदलली का, हे बघावं लागतं. ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळातला गेम 2014 साली आला, तेव्हा ग्रहांवर उतरता येत नव्हतं. 2015च्या त्याच्या ‘होरायझन्स’ या भरीने वातावरण नसलेल्या ग्रहांवर उतरू दिलं. जास्त गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर जड यान बेफिकीर उतरवलं की आपटतं, म्हणजे यानाचं वजन आता उतरतानाही जाणवायला लागलं. ही खरी भर. ‘नो मॅन्स स्काय’ हा दुसरा अंतराळ-गेम 2016च्या ऑगस्टमध्ये आला तो 18वर 18 शून्यं एवढे ग्रह घेऊन, पण त्यांवर करायला फार थोडं होतं. नोव्हेंबरच्या त्याच्या ‘फाउंडेशन’ अपडेटमध्ये तळ बांधणं आलं, शिवाय तग धरणं अवघड करणारा सर्व्हायव्हल मोडही आला. तो मोड नव्या सेव्हवरच सुरू व्हायचा. 2021च्या ‘एक्स्पेडिशन्स’ अपडेटमध्येही तेव्हा खेळाडू रिकाम्या हातांनी निघायचा. साठवलेली श्रीमंती नव्या संकटाला गिळून टाकते, हे तो गेम बनवणाऱ्यांनी ओळखलं असावं.

आमचा लीड म्हणतो, जुन्या खेळाडूंच्या बॅटऱ्या निकामी केल्या तर ते गेमच सोडतील. त्याचं म्हणणं मला पटतं. शेकडो तास घालून जमवलेलं कोण सुखासुखी सोडेल? म्हणून मी एवढाच नियम सुचवला: वादळ चालू असेपर्यंत बॅटरी लागू नये. साठा तसाच राहील, पण आसरा शोधावाच लागेल. टिकेट ‘पुढच्या आवृत्तीत विचार करू’मध्ये सरकवलं गेलं. अपडेट बाहेर पडलं, वादळांचा ट्रेलर लोकांना आवडला. तो नियम मात्र मी पुढच्या बिल्डच्या बैठकीसाठी पुन्हा लिहून काढलाय, या वेळी दोन्ही सेव्हचे व्हिडिओ जोडून.