तुम्ही विचारलंत म्हणून : मंदीत मी माया जास्त सोडते

फॅशन डिझाइनचा कोर्स संपवून लातुरात दुकान टाकू बघणाऱ्या मुली मला हटकून एकच विचारतात, “ताई, लोकांनी हात आखडता घेतलाय. अशात टिकायचं कसं? भाव पाडायचा का?”

भाव पाडू नका. मी पाडला होता, 2016 च्या दुष्काळात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, लग्नं पुढं ढकलली जात होती. शिलाईचा दर कमी केला आणि तो भरून काढायला अस्तर हलकं लावलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, काखेत चुण्या पडल्या. ज्या बाईनं कितीतरी वर्षांनी एक नवा ब्लाउज शिवून घेतला होता, तिचं मी नुकसान केलं. ते अजून सलतं.

अडचणीतल्या माणसाला पैसा वाया जाण्याचं भय सगळ्यात मोठं. एकदा अंगाला लागून पेटीत पडणारा कपडा त्याला पाचशेतही महाग वाटतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. आडतीत पदरी पडत होते चार हजारांच्या आसपास. त्या हंगामात रेणापूरकडचं एक कुटुंब लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, बस्ता बांधून माझ्याकडं आलं. मुलीच्या मोबाइलमध्ये घागऱ्याचा फोटो, अंगभर आरी वर्क, म्हणजे आकडीच्या सुईनं केलेलं भरतकाम. आई गप्प बसलेली. मी मुलीला विचारलं, “लग्नानंतर हा कधी घालशील गं?” तिला सांगता येईना. हा प्रश्न मी आता प्रत्येकीला विचारते, ऑर्डर लहान झाली तरी.

घागरा बाजूला राहिला. ठरला एकच भारी ब्लाउज, मोरपंखी, तिच्या बस्त्यातल्या तीन साड्यांवर चालेल असा. आरी वर्क फक्त पाठीच्या गळ्याला आणि बाह्यांना. बाजूच्या शिवणीपासून नक्षी तीन बोटं लांब ठेवली, म्हणजे पुढं टीप उसवली तरी काम तुटत नाही. आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जादा कापड, एक इंचाऐवजी दोन इंच. अस्तरालाही तेवढीच. हे खूपजणी विसरतात. वरचं कापड सुटतं आणि अस्तर आवळून धरतं. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथंही, थोडी माया लागते, नाहीतर छाती सैल होते आणि हात वर होत नाही. यासाठी ऐंशी सेंटिमीटरऐवजी मीटरभर कापड घ्यावं लागतं. ते वाढीव पैसे मी बिलावर वेगळे लिहिते आणि कशाचे ते कपडा उलटा करून दाखवते.

नक्षी कमी झाली, पण आरी करणाऱ्या बायकांचा दर मी कमी केला नाही. मंदी त्यांच्याही घरात असते.

मराठवाड्याला हे काही नवं नाही. किमखाब नावाच्या कापडात सोन्याचांदीची जर असायची, तो राजेरजवाड्यांचा. औरंगाबादच्या विणकरांचं हिमरू हे कापड सूत आणि रेशमाचं. जर नाही, तरी वेलबुट्टी तशीच भरगच्च. महाग काय ते काढलं आणि नजर जिथं ठरते ते राखलं. हिमरूला कुणी स्वस्तातला माल म्हणत नाही, त्याला स्वतःचं नाव आहे. मला डिझाइनचा अर्थ कोर्सपेक्षा हिमरूच्या शालीनं जास्त शिकवला.

2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं. लग्नाच्या खर्चात आधी सोनं, मग जेवण, कापड शेवटी. कात्री लागते ती कापडालाच. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीत उभं सोयाबीन पाण्यात गेलं. त्या दिवाळीला दुकानात नवं कापड कमी आणि जुनं दुरुस्तीला जास्त आलं. पूर्वी मी दुरुस्ती परत पाठवायची. आता आठवड्यातले दोन दिवस तिचेच.

त्यात तो मोरपंखी ब्लाउजही होता. बाळंतपणानंतर मुलीचं अंग भरलं होतं, भावाच्या साखरपुड्याला घालायचा होता. दोन्हीकडची टीप उसवली, आतली इंचभर माया मोकळी केली, अस्तर जुळवलं, इस्त्री फिरवली. आत राहिलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा जरासा गडद दिसत होता. तेवढं तिला दाखवलं आणि मग ब्लाउज घडी करून दिला.