चिंगीसाठी बागेला घातलेलं कुंपण

आमचा बोका बाळ्या रस्त्यावर गेला. सकाळी दूध पिऊन भिंतीवरून पलीकडे उतरला आणि तासाभरात शेजारचा मुलगा दाराशी येऊन नुसता उभा राहिला. त्याला बोलता येईना. त्यानंतर दीड वर्ष मी मांजराचं नावही काढू दिलं नाही. मग एका पावसाळी रात्री मागच्या पायरीखाली ओरडणारं पिल्लू सापडलं, ती चिंगी. तिला पुसून कोरडं करतानाच ठरवलं की हिला बाग मिळेल, रस्ता मिळणार नाही.

आई म्हणाली, "मांजर कधी कोंडून राहतं का गं? शाप लागेल." तिच्या माहेरी मांजर धान्याच्या राखणीला असायचं आणि गावात दिवसातून एकच एसटी यायची. आमच्या नाशिकच्या घरापुढून रात्री अकरालाही डंपर जातात.

बाग घरामागे, वीस बाय पंचवीस फुटांची. तीन बाजूंना पाच फुटी भिंत. मला वाटलं, उंची वाढवली की झालं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी भिंतीवर आणखी तीन फूट सरळ उभी लावून घेतली. चिंगी तेव्हा सात महिन्यांची होती, नसबंदीचे टाके काढून महिना झालेला. तिने जाळीत नखं रुतवली आणि शिडी चढावी तशी वर गेली. शेजारच्या पत्र्यावरून तिला खाली आणायला सुका बोंबील भाजावा लागला.

तेव्हा लक्षात आलं की मांजराला उंची अडवत नाही, डोक्यावर आत झुकलेला कल अडवतो. भिंत चढणारं मांजर वर बघतं, आणि वर छपरासारखं काही आलं की त्याला सहसा उलटं लटकून पुढे जाता येत नाही. फॅब्रिकेटरला हे पटवणं अवघड गेलं. "ताई, अँगल बाहेर झुकवतात, चोरासाठी," तो पुन्हापुन्हा सांगत होता. शेवटी दर पाच फुटांवर 45 अंशांत आत झुकलेले दोन फुटी अँगल त्याने भिंतीच्या माथ्यावर पक्के बसवून दिले. त्यांच्यावर जाळी मुद्दाम सैल बांधली. ताणलेल्या जाळीवर मांजर निर्धास्त चढतं. पंजाखाली हलणाऱ्या जाळीवर अंग टाकायला ते बिचकतं.

मग मी एक दुपार जमिनीवर बसून चिंगीच्या उंचीवरून बाग पाहिली. पावसाचं पाणी जायला भिंतीत ठेवलेलं भोक, फाटकाखालची चार बोटांची फट, भिंतीलगतचा शेवगा. जिथून डोकं जातं तिथून बहुतेक मांजरं अंगही काढतात. भोकाला लोखंडी जाळी बसवली, फाटकाखाली फळी ठोकली. शेवगा तोडायला मन होईना, म्हणून खोडाला जमिनीपासून चार फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा दोन फूट रुंद पट्टा गुंडाळला आणि त्याखालच्या फांद्या छाटल्या. कण्हेर, सायकस आणि लिलीच्या कुंड्या बाहेर गेल्या. मांजरासाठी तिन्ही विषारी, आणि लिली तर इतकी की अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एका गोष्टीची मला अजून टोचणी आहे. भिंतीच्या पायथ्याशी उरलेली नायलॉनची जाळी मी तशीच सोडली होती. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिच्यात धामण अडकलेली दिसली. जितकी वळवळत होती तितकी जाळी खवल्यांत रुतत होती. सर्पमित्र आला, त्याने बारीक कात्रीने एकेक धागा कापला. अर्धा तास लागला. धामण जिवंत सुटली, पण तिच्या अंगावरचे ते वळ मी विसरलेले नाही. बिनविषारी, उंदीर खाणारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं जनावर. त्याच दिवशी जमिनीलगतची सगळी नायलॉन जाळी काढली. आता खाली नुसती भिंत आहे. नायलॉन फक्त वर, अँगलवर.

दुसरी अडचण कुणी सांगितलीच नव्हती. आत झुकलेलं कुंपण बाहेरच्याला आत येऊ देतं, परत जाऊ देत नाही. एका पहाटे गल्लीतला मोठा बोका बागेत अडकला. चिंगीच्या कानाला जखम झाली, पुन्हा डॉक्टर. रेबीजची लस आधीच दिलेली होती, हे बरं. फॅब्रिकेटरला परत बोलावून बाहेरच्या बाजूलाही तसेच अँगल लावले. या वेळी तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे इंग्रजी वायसारखं करू या." तेव्हापासून एकही बोका आत आलेला नाही.

पहिले पंधरा दिवस मी चिंगीला जेवणाआधीच बाहेर सोडायचे, पंधरा मिनिटं, मी समोर बसून. भूक असली की हाकेला येते. आता ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास असते, अंधार पडायच्या आत घरात. दर रविवारी मी जाळीच्या गाठी तपासते; उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, मागच्या वैशाखात दोन ठिकाणी हातात तुकडेच आले होते. शेवग्याखाली तिच्यासाठी एक फळी ठोकली आहे. तिथे बसून ती भिंतीपलीकडचा रस्ता बघते. आई खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसते आणि कुठली गाडी गेली ते तिला सांगत असते.