चॅटजीपीटी: फोनवर की कॉम्प्युटरवर?

फोनवरचं चॅटजीपीटी 'हलकं' आणि कॉम्प्युटरवरचं 'पूर्ण', असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. खातं एकच असतं आणि फुकट प्रश्नांची मर्यादाही खात्याला लागते, यंत्राला नाही. ती फोनवर संपली तर लॅपटॉप उघडून काही हाती लागत नाही. फोनवर सुरू केलेलं संभाषण कॉम्प्युटरवर डावीकडच्या यादीत सापडतं. टेम्पररी चॅट मात्र त्या यादीत येत नाही, तेव्हा अर्धं काम इथे आणि अर्धं तिथे करायचं असेल तर ते वापरू नका.

निवड करताना दोनच गोष्टी पाहायच्या: मजकूर आत कसा जाणार आणि उत्तर बाहेर कुठे जाणार.

कागद समोर असेल, म्हणजे सातबारा, वीजबिल किंवा हाताने लिहिलेला अर्ज, तर फोन. ॲपमधल्या अधिक चिन्हावरून थेट कॅमेरा उघडा, कागद सपाट ठेवा, स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका, आणि दोन पानं असतील तर दोन वेगळे फोटो काढा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो लहान होऊन येतो आणि बारीक आकडे पुसट होतात. पाठवणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तरीही गट नंबर आणि क्षेत्र मूळ कागदाशी ताडून बघाच, कारण देवनागरी १ आणि ९ ची गल्लत सहज होते. आधार क्रमांक दिसत असेल तर तेवढा भाग आधी कापा.

बोलून सांगायचं असेल तरी फोनच सोयीचा. पण कीबोर्डवरचा माइक आणि ॲपमधला माइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माइक बोलता बोलता शब्द उमटवतो, पण विचार करायला थांबलात की बंद पडतो. ॲपचा माइक आधी सगळं ऐकून घेतो आणि मग एकदम लिहून देतो, त्यामुळे लांबलचक सांगण्याला तो बरा. 'आहे'चं 'है' होऊ लागलं तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये बोलण्याची भाषा आपोआप ओळखण्यावर ठेवलेली आहे का ते बघा आणि मराठी निवडा.

लांब मजकूर असेल तर मात्र कॉम्प्युटर. तिथला नेहमीचा घोळ म्हणजे एंटर. फोनवर एंटरने नवी ओळ येते, कॉम्प्युटरवर मजकूर अर्धवटच निघून जातो. नव्या ओळीसाठी शिफ्ट+एंटर. विंडोजमध्ये कीबोर्ड बदलायला विंडोज+स्पेस. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्ट+जे, मग डी, मग स्लॅश. साधा जे दाबलात तर रफार चढून 'दुसर्या' होतो. चॅटजीपीटीला तेवढ्याने फरक पडत नाही, पण तोच मजकूर पुढे पत्रात गेला की डोळ्यांना खुपतो.

श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचं प्रकरण निराळं. त्यातला मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, नसतोच. देवनागरी फक्त फॉन्टपुरती असते. कॉम्प्युटरवर युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून मग चिकटवा. पानभराच मजकूर असेल तर पडद्याचा स्क्रीनशॉट देऊन वाचून घेणं जास्त झटपट.

कॉम्प्युटरचं वेगळं ॲप २०२४ मध्ये आलं, आधी मॅकसाठी आणि मग विंडोजसाठी. ते नसलं तरी अडत नाही, रोजचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये होतं. ॲपचा खरा फायदा म्हणजे विंडोजवर ऑल्ट+स्पेस दाबलं की कुठल्याही कामावर उघडणारी छोटी खिडकी. त्या जागी भलतंच काही उघडलं तर तीच बटणं पॉवरटॉइजसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमने आधी अडवलेली असू शकतात. दोघांपैकी एकाची बटणांची जोडी बदला.

आता उत्तर कुठे न्यायचं? व्हॉट्सॲपवर न्यायचं असेल तर फोन, पण 'साधा मजकूर दे, ठळक अक्षरं नकोत' असं आधीच सांगा. कॉपी केलेल्या उत्तरात ठळक शब्दाभोवती दोन-दोन तारका असतात, व्हॉट्सॲपला मात्र एकच लागते, म्हणून जास्तीच्या तारका तशाच उरतात. तक्ता एक्सेलमध्ये न्यायचा असेल तर कॉम्प्युटरच. फोनवर तक्ता आडवा सरकवताना कुठली ओळ वाचतोय तेच कळत नाही. उत्तराखालचं कॉपी बटण दाबू नका, त्याने उभ्या रेघांसकट कच्चा मजकूर येऊ शकतो. माउसने तक्ताच निवडा, कॉपी करा आणि एक्सेलच्या पहिल्या चौकटीत चिकटवा. रकाने बरोबर पडतात. आकडे इंग्रजी अंकांत मागा, बेरजेला अडचण नको.

सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसमधल्या सामाईक कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीतच लॉग इन करा. बाहेर पडायचं राहून गेलंच, तर घरी येऊन फोनवरच्या सेटिंग्जमधून सगळ्या उपकरणांवरून एकदम लॉग आउट करता येतं. फोनवरही पुन्हा लॉग इन करावं लागेल, तेवढाच त्रास.