मालेला जा, पण रिसॉर्टसाठी नाही, एअरपोर्टसाठी

आमच्या नेरूळ-सीवूड्सकडे विमानांचं वेड असलेली बरीच मंडळी आहेत, उलव्याचा नवी मुंबई एअरपोर्ट झाल्यापासून तर अजूनच वाढलीत, आणि त्यातल्या कित्येकांनी मालदीवबद्दल विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. भाच्याला घेऊन गेलो होतो, तो घणसोलीचा, बारावी झालीये आणि पायलटच व्हायचंय त्याला.

आधी जागा समजून घ्या. वेलाना एअरपोर्ट म्हणजे हुलहुले नावाचं अख्खं बेट. राजधानी माले शेजारच्या बेटावर, आणि दुसऱ्या बाजूला हुलहुमाले, जे समुद्रात भराव टाकून वसवलंय. 2018 मध्ये पूल झाला तेव्हापासून तिन्ही बेटं रस्त्याने जोडलेली आहेत. नवीन रनवे 3,400 मीटरचा, 2022 पासून चालू, ए380 हे दुमजली अवाढव्य विमान उतरेल असा बांधलाय. आपल्या उलव्याचा 3,700 मीटरचा आहे, पण आपल्याकडे त्यासाठी डोंगर कापला आणि तिथे समुद्र भरून काढला, आणि रनवेच्या दोन्ही टोकांना सरळ पाणीच. खिडकीतून बघताना शेवटच्या क्षणापर्यंत खाली निळंच दिसत राहतं आणि मग एकदम चाकं टेकतात.

मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट तीन तासांच्या आसपास. सीट डावीकडचीच घ्या, खिडकीची, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. रनवे उत्तर-दक्षिण आहे. उत्तरेकडून उतरलात तर डावीकडे हुलहुमाले आणि सी-प्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं, पाणी दिसतं, वळसा घालून दक्षिणेकडून आलात तर डावीकडे माले शहर आणि पूल, म्हणजे कसंही उतरलं तरी डावी खिडकी फुकट जात नाही. शिवाय दुपारची फ्लाइट असेल तर ऊन उजवीकडून येतं.

राहायला हुलहुमाले. रिसॉर्टच्या मानाने गेस्टहाऊस खूप स्वस्त पडतात आणि एअरपोर्टहून बस आहे. एअरपोर्टच्याच बेटावर हुलहुले आयलंड हॉटेल आहे, विमानवेडे तिथे मुद्दाम उतरतात, पण ते महाग आहे, एखादी रात्र ठीक.

आता फोटोचं. इथे विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपासच मावळतो, आणि वर चढतो तो एकदम सरळ, त्यामुळे नऊनंतर उजेड कडक होतो आणि दुपारी रनवेवरून हवा अशी थरथरते की पाचशे मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स असली तरी विमानावरचा रजिस्ट्रेशन नंबर पुसटच येतो. म्हणून सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत हुलहुमालेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभं राहायचं, ऊन तुमच्या पाठीशी आणि उत्तरेकडून उतरणारी विमानं समोर पाण्यावरून जाताना. दुपारी साडेतीननंतर बस पकडून मालेच्या पूर्व टोकाला, पुलाजवळ, तिथून रनवेचं दक्षिण टोक दिसतं आणि ऊन पुन्हा पाठीशी. वारा बघून दिशा बदलते, त्यामुळे त्या दिवशी विमानं कुठून उतरतायत हे सकाळीच विमानं नकाशावर दाखवणाऱ्या ट्रॅकर अॅपवर बघून घ्या. 100-400 लेन्स पुरते. खारं पाणी उडतं, लेन्स पुसायला कपडा आणि कॅमेऱ्यासाठी झिपवाली जाड पिशवी लागतेच. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही, आणि पोलीस किंवा लष्कराच्या माणसांवर कॅमेरा धरू नका.

मोठी विमानं दुबई, दोहा, इस्तंबूल, सिंगापूर सगळीकडची येतात, त्यात देशातल्या बेटांसाठीची छोटी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांची विमानं. पण खरं सांगायचं तर मालेला जायचं ते ट्विन ऑटर या छोट्या सी-प्लेनसाठी. ट्रान्स मालदीवियन कंपनीकडे सी-प्लेनचा जगातला सगळ्यात मोठा ताफा आहे. 1965 मध्ये पहिल्यांदा उडालेलं डिझाइन, पीटी6 जातीची दोन टर्बोप्रॉप इंजिनं, चाकांच्या जागी फ्लोट, आणि पाण्यावर ब्रेक नसतो म्हणून दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत पायलट ते धक्क्याला बरोबर आणून लावतो, तेवढ्यात क्रूमधला एकजण फ्लोटवर उतरून दोरी फेकतो. हे एकदा बघितलं की पुढचा तासभर दुसरं काही बघावंसं वाटत नाही. भाचा ओरडलाच, "मामा, पायलट अनवाणी आहे!" खरंच, बरेच पायलट अनवाणीच असतात.

सी-प्लेनमध्ये बसायचं असेल तर दोन रस्ते. एक, लांबच्या रिसॉर्टचं बुकिंग, त्याचं जाण्यायेण्याचं तिकीटच कित्येक शे डॉलर होतं. दुसरा, फोटो फ्लाइट, म्हणजे वरून बेटांचे फोटो काढायची फेरी, ग्रुपने भाड्याने घेतात. आम्ही दुसरी केली, गेस्टहाऊसमध्ये भेटलेल्या लोकांबरोबर, आणि मला तेच योग्य वाटतं कारण पैसे वाटले जातात आणि लक्ष पूर्ण विमानावर राहतं. सी-प्लेन फक्त दिवसा उडतात, रिसॉर्टला जाणार असाल तर संध्याकाळी उतरणारी फ्लाइट घेऊ नका, रात्र मालेत काढावी लागते. सामानाचं वजन काटेकोर मोजतात. आत आवाज भयंकर, कानात काहीतरी घाला.

एक गोष्ट मात्र मला तिथे उभं राहिल्यावर फार जाणवली. 3 नोव्हेंबर 1988 च्या रात्री आपल्या हवाईदलाची आयएल-76 ही मोठी मालवाहू विमानं आग्र्याहून पॅराट्रूपर घेऊन थेट याच बेटावर उतरली होती, सत्तापालटाचा प्रयत्न मोडायला, आणि आपले जवान इथून होड्यांनी मालेला गेले. तेव्हा ना पूल, ना नवा रनवे. समुद्रात एवढीशी पट्टी, अंधार, आणि आयएल-76 सारखं जड विमान. भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ रनवेकडेच बघत होता. जाणाऱ्यांनी या मोहिमेबद्दल, ऑपरेशन कॅक्टसबद्दल, आधी वाचून जा, बघण्यात फरक पडतो.

बाकी बारीकसारीक. व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, पण उड्डाणाच्या आधीच्या 96 तासांत आयमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचाच, जाताना आणि येतानाही. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. डॉलर चालतात, तरी बस आणि चहासाठी थोडा रुफिया, म्हणजे तिथलं चलन, ठेवा. दारू बॅगेत नको, आणि पूजेची मूर्तीही नेता येत नाही, त्यामुळे देवघरातला छोटा गणपती बरोबर घ्यायची सवय असेल तर तो घरीच ठेवा. नाश्त्याला मासहुनी खा, टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि सोबत रोशी म्हणजे तिथली चपाती, आपल्याकडच्या सुकटीच्या चटणी-भाकरीची आठवण येते.

जायचं तर डिसेंबर ते एप्रिल, आकाश मोकळं असतं. मे पासून पाऊस सुरू होतो. आणि शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेत बस-फेरीचा भरवसा धरू नका, तो वेळ जेवणाला द्या आणि साडेतीनला पुलाजवळ पोहोचा.