उत्तरेच्या भिंतीवर ऊन

"साहेब, ह्या भिंतीला मी सगळ्यात शेवटी पाणी मारते, साडेचारला हिच्यावर ऊन येतं मग पाणी टिकत नाही."

काकू हे अगदी सहज बोलून गेल्या, हातात पाईप, साडीचा पदर खोचलेला. आणि मी पण "हो का" म्हणून पुढे गेलो. दहा पावलं गेल्यावर डोक्यात पेटलं की अरे ही तर उत्तरेची भिंत आहे! जानेवारीत उत्तरेच्या भिंतीवर ऊन कसं येईल?

गोष्ट 2019 ची, संक्रांत दोन-तीन दिवसांवर आलेली. कराडजवळ एका रिटायर्ड एसटी कंडक्टर काकांच्या बंगल्याचं काम चालू होतं, डिझाइन माझं, वीटकाम सिलपर्यंत म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं, म्हणजे दोन-चार दिवसात खिडक्यांच्या जागा पक्क्या होणार. काकू ब्लाऊज शिवतात, तीस वर्षं झाली. पहिल्याच मीटिंगला त्यांनी एकच मागणी केली होती, मला हॉल कसा पण करा पण मशीनच्या खोलीत उजेड द्या, मॅचिंगचा दोरा बघायला दर वेळी उठून ओट्यावर जावं लागतं, ट्यूबलाईटमधे सगळे रंग खोटं बोलतात. मला हे फार आवडलं होतं. म्हटलं काकू तुम्हाला उत्तरेचा उजेड देतो, दिवसभर एकसारखा, चित्रकार लोक स्टुडिओला हाच उजेड मागतात. आणि उत्तरेला मोठी पाच फुटी खिडकी काढून मोकळा झालो.

आता आपल्याकडे साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो, उगवतो पण आग्नेयेकडे सरकून आणि मावळतो नैऋत्येकडे सरकून. त्यामुळे ह्या दिवसात खऱ्या उत्तरेच्या भिंतीला उन्हाचा कवडसा पण लागत नाही. म्हणजे एक तर काकू चुकतायत नाहीतर माझ्या ड्रॉइंगवरचा उत्तर दाखवणारा बाण. मनात पहिलं नाव काकूंचंच आलं, खोटं कशाला बोला.

मिस्त्रीकडून ओळंबा घेतला आणि सेंट्रिंगच्या बांबूला बांधून मधल्या खोलीत सोडला, खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा सपाट थर, केलेला होताच. बाराला सुरुवात केली, दर दहा मिनिटांनी बांबूच्या टोकाची सावली जिथं पडेल तिथं खडूची खूण. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं, घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशाचं, तिकडे मिर्झापूरच्या बाजूचं, आणि आपण पार पश्चिमेला, त्यामुळे कराडला खरी दुपार साडेबाराच्या नंतर होते आणि संक्रांतीच्या सुमाराला तर आणखी सात-आठ मिनिटं पुढे. सगळ्यात आखूड सावली जी पडते ती सरळ उत्तरेला. गवंडी जेवणाचे डबे उघडून बघत बसलेले, "साहेबांनी आज पंचांग काढलंय" म्हणून एक जण हसला पण.

बारा चाळीसची खूण सगळ्यात आखूड. ओळंब्यापासून त्या खुणेपर्यंत लाइनदोरी धरली आणि भिंतीला गुण्या लावला. भिंतीकडे सरळ पाच फूट गेलं की दोरी साडेतीन फूट उजवीकडे पळत होती. म्हणजे 35 अंश! एकदोन अंश असते तर सोडून दिलं असतं, हा तर सगळा बंगलाच फिरलेला. माझी उत्तर म्हणजे वायव्य, आणि रस्त्याकडची पश्चिम म्हणजे जवळजवळ नैऋत्य.

कारण पण तिथंच आठवलं. मोजणीच्या दिवशी शेजारच्या प्लॉटवर सळईचा ढीग पडलेला आणि मी त्याला चिकटून उभा राहून मोबाईलचा कंपास बघितला होता. लोखंडाजवळ कंपास भरकटतो हे पहिल्या वर्षाच्या पोराला पण माहीत असतं. गूगलवर प्लॉट उघडला असता तरी दोन मिनिटात कळलं असतं, तेवढं पण केलं नाही.

साडेचारपर्यंत थांबलो. ऊन आलं. समोरून नाही, भिंतीला घासून तिरपं, प्रत्येक विटेच्या कडेला एक बारीक लांब सावली. जानेवारीत एवढं, तर मेमधे दुपारपासूनच सरळ सुईवर आलं असतं. काकू काहीच बोलल्या नाहीत, पाईप घेऊन त्या भिंतीकडे वळल्या.

संध्याकाळी काकांना आणि त्यांच्या मुलाला बोलावून सगळं सांगितलं, चूक माझी आहे आणि तोडफोड झाली तर माझ्या फीमधून जाईल हे पण. मुलाचा पहिला प्रश्न, "म्हणजे आपला प्लॉट विदिशा?" म्हणजे मुख्य दिशांना तिरका, कारण वास्तूवाल्यांनी माझ्याच ड्रॉइंगवरचा बाण धरून देवघरापासून सगळं बसवलं होतं. नंतर उंबऱ्याखाली काय काय पुरलं ते मला विचारू नका.

नॅशनल बिल्डिंग कोडमधे खिडकी किती हवी ते मिळतं, कोरड्या उष्ण हवेला खोलीच्या क्षेत्रफळाच्या 1/10, दमट उष्णला 1/6. पण ह्या घरात कुठल्या भिंतीला आणि कुणासाठी ते नाही मिळत. ह्या वेळी आधी काकूंना विचारलं, मशीनवर कधी बसता? "अकराला, सगळं आवरून." उत्तर तिथंच मिळालं. ईशान्येकडच्या भिंतीवरचं जानेवारीतलं ऊन अकराच्या सुमाराला निघून जातं, मेमधे अकरानंतर ऊन इतकं उभं असतं की दोन फुटी छज्जा पुरतो. मोठी खिडकी तिकडे नेली, सिल तीन फुटाची अडीचवर आणली, म्हणजे मशीनच्या टेबलाला बरोबर, आणि मशीन असं ठेवलं की उजेड डावीकडून येईल, उजव्या हाताची सावली शिलाईवर नको. आधीची पाच फुटी खिडकी वाऱ्यापुरती दोन फुटी झाली, सूर्याच्या अंगाला ऊन अडवायला उभी फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली पट्टी. तीन थर वीट काढावी लागली फक्त, नशीब. हॉलची आठ फुटी फ्रेंच विंडो पाचवर आली आणि पुढे पडवी, तिथं मात्र मुलगा एलेव्हेशन, म्हणजे घराचं समोरून दिसणारं रूप, गेलं म्हणून दोन दिवस फोन उचलत नव्हता.

दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा ब्लाऊजचा ढीग लागलेला. काकूंनी दोन रिळं खिडकीशी धरली, "सांगा, ह्यातला रामा कुठला आणि मोरपंखी कुठला?"

मी बोट दाखवलं. काकूंनी दुसरं रीळ उचलून मशीनला लावलं.