ओसरी : खिडक्या झाल्या, आता फायलींचं बघू

या खेपेला ओसरी उघडलीत तर नवीन असं काही दिसणार नाही. टास्कबार तोच, घड्याळ तेच, वॉलपेपरही तोच. सगळं काम पडद्याआड झालंय: ओसरीतल्या फायली इंडेक्स्डडीबीतून (ब्राउझरमधला डेटाबेस) हलून ओपीएफएसमध्ये (ब्राउझरने प्रत्येक साइटला दिलेली खासगी फाइलव्यवस्था) राहायला गेल्या आहेत. नव्याने आलेल्यांसाठी एवढंच, की ओसरी म्हणजे ब्राउझरच्या एका टॅबात चालणारा माझा डेस्कटॉप. सर्व्हर नाही, लॉगिन नाही, फ्रेमवर्क नाही. साधी जावास्क्रिप्ट आणि स्टॅटिक होस्टिंगवर टाकलेली काही पानं.

ब्राउझरात डेस्कटॉप बनवण्याच्या आपल्या या छंदात एक गंमत आहे. खिडक्या ओढता आल्या, स्टार्ट मेन्यू उघडला, की माणूस स्क्रीनशॉट काढतो आणि प्रकल्प तिथेच थांबतो. विंडोज ९५ ची हुबेहूब नक्कल करणारी पानं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नोटपॅडमध्ये चार ओळी लिहा, टॅब बंद करा, परत उघडा. ओळी गायब. २०१४ मध्ये आलेल्या विंडोज ९३ ची गोष्ट वेगळी, तो मुळातच एक चावट कलाप्रकार आहे आणि मला तो प्रचंड आवडतो. पण लिहिलेलं जिथे टिकत नाही त्याला डेस्कटॉप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जुन्या वेब डेस्कटॉपवाल्या मंडळींना हा प्रश्न नव्हता, कारण त्यांच्या फायली सर्व्हरवर असायच्या. २००५ साली बार्सिलोनाच्या बाजूला सुरू झालेलं आयओएस (डोळ्याचा आय, ॲपलचा नव्हे) सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेत चालायचं, ब्राउझर फक्त चित्र दाखवायचा. एमआयटीतल्या पोरांचं यूओएस २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये मिटलं. घोस्ट (G.ho.st) नावाचं तसलंच एक २०१० मध्ये बंद पडलं. आयओएस टेलिफोनिका या स्पॅनिश टेलिफोन कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतलं. चालवणारा गेला की वापरणाऱ्यांनी आपलं बोचकं बांधायचं. प्युटर या आजच्या वेब डेस्कटॉपचाही भार सर्व्हरवरच आहे, पण २०२४ मध्ये त्याचा कोड खुला झाल्यापासून ते आपल्या स्वतःच्या मशीनवर चढवता येतं. आणि आत रिअ‍ॅक्ट नाही, चक्क जेक्वेरी ही जुनी लायब्ररी आहे, हे पाहून मला भलताच आनंद झाला होता.

तर ओपीएफएस. इंडेक्स्डडीबीत माझी प्रत्येक फाइल म्हणजे एक अख्खी नोंद होती. मोठ्या फायलीत एक बाइट बदलला तरी सगळा ब्लॉब, म्हणजे फायलीतला अख्खा डेटा, पुन्हा लिहायचा. ओपीएफएसमध्ये फोल्डर आणि फायलींचं खरंखुरं झाड मिळतं, आणि क्रिएटसिंकॲक्सेसहँडल वापरून फायलीचं हँडल (थेट वाचण्या-लिहिण्याची मूठ) घेतलं की फायलीच्या मधल्याच जागी जाऊन तेवढंच लिहिता येतं. अट अशी की हे हँडल फक्त वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, मिळतं. त्यामुळे फायलींचा सगळा कारभार एका वर्करकडे दिलाय आणि खिडक्या त्याला पोस्टमेसेजने निरोप पाठवतात. सुरुवातीला हे द्राविडी प्राणायाम वाटलं, पण फायदा लगेच दिसला. मोठी फाइल सेव्ह होत असताना खिडकी ओढली तर ती आता अडखळत नाही.

हँडलला दुसरीही खोड आहे. एका फायलीवर ते एकाला मिळालं की दुसऱ्याला मिळत नाही, सरळ एरर येते. ओसरी दोन टॅबांत उघडली की दुसऱ्या टॅबात काहीच उमटेना. उपाय वेब लॉक्सचा, म्हणजे टॅबांमध्ये वाटून घ्यायच्या ब्राउझरच्या कुलपांचा: पहिला टॅब कुलूप घेतो, दुसऱ्याला ते मिळालं नाही तर तो फक्त ‘ओसरी आधीच उघडी आहे’ अशी पाटी दाखवतो. टॅब बंद झाला किंवा कोसळला तरी ब्राउझर ते कुलूप आपणहून सोडतो, म्हणून मागे काही साफसफाई उरत नाही.

एवढं करूनही या फायली म्हणजे ब्राउझरच्या मर्जीवरचा मुक्काम आहे. जागा कमी पडली तर तो त्या काढून टाकू शकतो. नॅव्हिगेटर-स्टोरेज-पर्सिस्ट म्हणून त्या न काढण्याची विनंती करता येते. फायरफॉक्स वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम काही न विचारता स्वतःच हो-नाही ठरवतो. सफारीचा नियम तर आणखी कडक: ब्राउझर वापरात असताना सात दिवस तुमच्या साइटला कुणी हातच लावला नाही, तर स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून टास्कबारवर ‘गाठोडं’ नावाचं बटण आलंय. दाबलं की अख्खी डिस्क झिप होऊन डाउनलोड. दिसायला ओबडधोबड आहे, पण या खेपेत मला सगळ्यात जास्त समाधान त्याच बटणाने दिलं.

आता खास आपल्या भाषेची भानगड. एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या सहामाहीचे पेपर’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. नाव अक्षर न् अक्षर सारखं, तरी ओसरीच्या लेखी दोन वेगळ्या. कारण तो ‘ऱ्या’. यातला ऱ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, तसाच र आणि खाली नुक्ता (टिंब) असाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं अशी सुटी मोडून साठवायची, त्यामुळे तिकडून आलेल्या झिपमध्ये दुसरा प्रकार सापडतो. नॉर्मलाइझ करून एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं प्रमाण) रूप घेतलं की हे दोन एक होतात. पण तिसरा प्रकार आहेच: र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर तोच ‘ऱ्या’ उमटतो आणि मराठी मजकुरात तो जागोजागी आहे. एनएफसी त्याला हातही लावत नाही. म्हणून तुलनेसाठी वेगळी किल्ली बनवली. त्यात आधी एनएफसी, मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की त्याचा ऱ-हलन्त. मूळ नाव मात्र लिहिणाऱ्याने जसं लिहिलं तसंच ठेवतो. त्याच्या नावात आपण कशाला लुडबुड करायची?

आयकॉनखालचं नाव कापणं हाही असाच छळ. ठरावीक लांबीवर स्लाइस केलं (कापलं) की ‘शिक्षक’चं ‘शिक्…’ होतं, पाय मोडलेलं. ब्राउझरमधला इंटल-सेगमेंटर अक्षरं नीट तोडून देतो, पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुना ब्राउझर ‘क्ष’चे दोन तुकडे करतो. तुकड्याच्या शेवटी हलन्त दिसला की पुढचा तुकडा त्याला जोडायचा, एवढ्या एका ओळीत ते मिटलं. टायटलबारची उंची वाढवली तीही यासाठीच, नाहीतर ‘कुंडली’चा उकार खालून छाटला जायचा. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या थीम्समध्ये हे हमखास होतं.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. आयफ्रेममध्ये (पानात बसवलेलं दुसरं पान) केलेली क्लिक बाहेरच्या पानाला कळत नाही, त्यामुळे ती खिडकी वर येत नसे. आता बाहेरच्या पानाचा ब्लर (फोकस गेल्याची सूचना) पकडून ॲक्टिव्हएलिमेंट, म्हणजे फोकस असलेला भाग, कोणता ते बघतो आणि त्या आयफ्रेमची खिडकी वर आणतो. कंट्रोल-डब्ल्यूचं दुखणं कायम आहे. आतली खिडकी बंद करायला जावं तर टॅबच बंद होतो, आणि असे शॉर्टकट पानाकडे वळवणारं कीबोर्ड लॉक फक्त क्रोमच्या घराण्यात, तेही फुलस्क्रीनमध्ये चालतं.

शेवटी चैनीचा भाग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २०११ मध्ये ब्राउझरात लिनक्स सुरू करून दाखवलं तेव्हापासून हे करून बघायचं मनात होतं. व्ही८६ हा ब्राउझरात चालणारा पीसी एम्युलेटर (नकली संगणक) एका खिडकीत बसवला आणि त्यात फ्रीडॉस ही डॉसची खुली आवृत्ती चढवली. सीबायॉसची (संगणक सुरू करणारा प्रोग्राम) ओळ उमटली, मागोमाग प्रॉम्प्ट आला. डॉसमध्ये डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) टंकल्यावर तीच अक्षरं शेजारच्या नोटपॅडमध्येही उमटायला लागली, कारण एम्युलेटर अख्ख्या पानाचा कीबोर्ड ऐकत असतो. खिडकीचा फोकस गेला की त्याचे कान बंद करायचे, एवढं केल्यावर दोघे शांत झाले. फ्लॉपीची इमेज आता ओपीएफएसमध्येच असते, म्हणजे डॉसमध्ये लिहिलेली फाइल टॅब बंद केला तरी राहते.

पुढचं काम त्या फ्लॉपीतल्या फायली ओसरीच्या एक्सप्लोररमध्ये दाखवायचं. फॅट१२ ही फ्लॉपीची फाइलव्यवस्था वाचणं अवघड नाही. अडलंय ते उलट दिशेला: ‘दुसऱ्या सहामाहीचे पेपर’ फ्लॉपीवर टाकायचे तर डॉसच्या आठ अधिक तीन अक्षरांत, तेही देवनागरीशिवाय, नाव काय द्यायचं? सध्या रोमनमध्ये उतरवून पहिली सहा अक्षरं आणि पुढे ~१ असं लावतोय. कुणी याहून बरं काही केलं असेल तर सांगा.