सिलिंडरच्या आतली निळी आग

इंजिन ऑइलची जाहिरात होती आणि डायरेक्टरचा हट्ट असा की सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतानाचा शॉट कॉम्प्युटरवर बनवायचा नाही, खराच घ्यायचा. कॅमेरा माझ्याकडे होता. इतकी वर्षं कॅमेरा चालवतोय पण असलं काम हातात आलं की अजूनही आदल्या रात्री झोप लागत नाही.

ऑइलचे शॉट आधी उरकले, ते सोपे होते. गाडीच्या इंजिनाचं टॅपेट कव्हर, म्हणजे सगळ्यात वरचं झाकण काढलं, इंजिन बाहेरून इलेक्ट्रिक मोटरने हळू फिरवलं आणि लांब नळीसारखी प्रोब लेन्स कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या अगदी जवळ नेली. ऑइलची वाफ काचेवर धरायची, पुसायची, पुन्हा रोल. बस.

खरा प्रश्न आगीचा. गाडीच्या इंजिनात हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागातच व्हॉल्व (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) असतात, मग बघायला खिडकी ठेवणार कुठे? म्हणून त्या शॉटसाठी एक सिलिंडरचं जुन्या पद्धतीचं साइड व्हॉल्व इंजिन घेतलं. त्यात व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, पिस्टनच्या शेजारी असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. ते काढून त्याजागी धातूच्या चौकटीत बसवलेली क्वार्ट्झची जाड चकती लावली, ठिणगी पाडणारा प्लग कडेने तिरका. अ‍ॅक्रिलिक स्वस्तात झालं असतं पण ते उष्णतेने लगेच मऊ पडतं, क्वार्ट्झ तापलं तरी फारसं प्रसरण पावत नाही म्हणून तडकत नाही. आमचे मेकॅनिक काका समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने आवळत होते, मध्येच थांबून बोट फिरवून सांध्यातलं गॅस्केट बघायचे, कोणी घाई केली की म्हणायचे, "एका बाजूला जास्त ताण आला तर ही काच राहणार नाही, मग बघा काय शूट करायचं ते." वर ४५ अंशात आरसा लावला आणि कॅमेरा बाजूला ठेवला, म्हणजे काच फुटलीच तरी समोर माणूसही नको आणि कॅमेराही नको. धूर पाइपने बाहेर सोडला होता, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी.

आधी साध्या स्पीडला, सेकंदाला २५ फ्रेमवर टेस्ट घेतली आणि मॉनिटरवर पिस्टन चक्क थांबलेला! इंजिन कानाशी बोंबलतंय आणि पिस्टन जागचा हलत नाही. आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, १५०० च्या आसपास होता म्हणजे सेकंदाला २५ फेरे, प्रत्येक फ्रेमला पिस्टन त्याच जागी सापडत होता. एजन्सीच्या मुलीला वाटलं कॅमेरा बिघडला.

मग इंजिन १२०० वर आणलं आणि कॅमेऱ्याला सेकंदाला ४००० फ्रेम लावल्या. दर दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे या स्पीडला सेकंदाला दहा वेळा, आणि एकेक जळणं मोजून काही मिलिसेकंदांचं, म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस फ्रेम. हायस्पीड कॅमेरा सतत आपल्या मेमरीत गोल गोल रेकॉर्ड करत असतो, घटना होऊन गेल्यावर बटण दाबायचं, तो मागचं उचलून देतो. स्टुडिओतले सगळे लाइट बंद केले.

पहिला टेक चोक ओढून, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त ठेवून घेतला, इंजिन थंड होतं. स्क्रीनवर भडक पिवळी-नारिंगी आग. सगळे खूश, क्लायंट तर उठून उभे राहिले, म्हणाले हेच पाहिजे. पण काकांनी हेड उघडलं आणि काच काळी पडलेली! बोट फिरवलं तर बोटाला काजळी. इंजिन गरम झालं, चोक बंद केला, मिश्रण नीट बसलं आणि आग झाली निळी, इतकी मंद की मला लेन्स पूर्ण उघडून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, खूप वर न्यावा लागला, फोकस तर केसभर. त्या टेकनंतर काचेवर ऑइलचा पुसटसा थर होता, काजळी जवळजवळ नाही.

क्लायंटना नारिंगीच हवी होती आणि तिथे मी अडून बसलो. पिवळा-नारिंगी रंग येतो तो नीट न जळलेल्या कार्बनचे कण तापून चमकतात म्हणून, आणि तीच काजळी खाली उतरून ऑइल घाण करते. इंजिन स्वच्छ ठेवतो असं सांगणाऱ्या जाहिरातीत आपण घाण जळणं दाखवायचं? मी तोंडाने सांगत बसलो असतो तर वाद लांबला असता, काकांनी काळं बोट त्यांच्यासमोर धरलं आणि विषय तिथेच संपला.

निळा टेक मोठ्या स्क्रीनवर बघितला तेव्हा कळलं की आपण काय पकडलंय. ठिणगी पडते, मग काही फ्रेम काहीच नाही, फक्त अंधार, आणि मग प्लगच्या कडेने सुरकुतलेला निळा पडदा पसरत पसरत पिस्टनवरून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. स्फोट म्हणतात लोक, स्फोट कुठला, आग शिस्तीत पुढे सरकते. आणि एक जळणं दुसऱ्यासारखं नाही, कधी डावीकडून झेपावते, कधी मधेच रेंगाळते.

एडिटला एजन्सीचं म्हणणं होतं की सगळ्यात सुंदर एक निवडा आणि तोच लूप करा. डायरेक्टरने ऐकलं नाही. लागोपाठची तीन जळणं न कापता ठेवली, रंग जुळवणाऱ्या कलरिस्टने फक्त ग्रेन, म्हणजे चित्रातला रवाळपणा कमी केला, रंगाला हात लावला नाही.